नववा परिच्छेद

नाताळच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी वाशिमच्या आमच्या चर्चमध्ये मंडळीच्या उपासनेत पहिल्यांदा रॅप झाले. अर्पण गोळा झाले होते, आशीर्वाद व्हायचा होता. रॅप करणारा माझा साला होता, वय एकतीस, राहणार रिसोड. त्याला चार मिनिटे लागली. उपासनेतल्या त्या जागी गेली चौदा वर्षे मी लिहिलेले गीत म्हटले जात होते. त्या रविवारी ते म्हटले गेले नाही.

पाळकसाहेबांनी आदल्या संध्याकाळी मला फोन करून कल्पना दिली होती. तरुणांची फार इच्छा आहे, एकच रविवार, असे ते म्हणाले. मी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या कडव्याला लोक उभे राहिले. सर्वांत आधी माझी बायको उभी राहिली, मग तिच्या मागची रांग, मग गुडघ्यांच्या दुखण्यामुळे एरवी बसूनच प्रार्थना करणाऱ्या दोन म्हाताऱ्या बाया. मी बसून राहिलो. गीतपुस्तक मांडीवर उघडे होते. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी तीन नोंदी केल्या : दोन शब्द चुकीचे, तिसऱ्या कडव्यात श्वास कमी पडला, माइकचा आवाज जास्त. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना मी फक्त तिसरी नोंद सांगितली.

"आवाज तर मीच वाढवाले सांगतला होता," ते म्हणाले.

मी एका दैनिकाचा वाशिमचा वार्ताहर आहे. या कामाला बावीस वर्षे झाली. गीते त्याआधीपासून लिहितो. मंडळीने त्यांतल्या अकरा गीतांची पुस्तिका काढली होती. दोनशे प्रती छापल्या. त्यांतल्या नव्वद आमच्या घरी लोखंडी कपाटात, गोधड्यांच्या खाली आहेत. माझी गीते पेटी आणि ढोलकीवर म्हणायची आहेत. शब्द मोजून बसवलेले आहेत आणि चाल कोणालाही दोनदा ऐकून येते. ती कोणी लिहिली हे म्हणणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसते. गीताच्या बाबतीत हे चांगलेच मानतात. मीही तसेच मानत होतो.

साला रिसोडच्या धान्यबाजारात एका अडत्याकडे आहे. हर्रास सुरू झाली की ढिगाजवळ उभे राहून बोली पुकारायची, हे त्याचे काम. एका ढिगावरून दुसऱ्यावर व्यापाऱ्यांचा घोळका सरकतो, तो पुढे असतो. सोयाबीनचे दिवस असले की सकाळी अकरापासून दुपारी तीनपर्यंत त्याची जीभ थांबत नाही. कोणाची बोली चढली, कोण मागे हटला, माल डागी की बिनडागी, हे सारे तो एका श्वासात म्हणतो आणि शेवटी तीन वार करून तोडतो. त्याला गाता येत नाही. लग्नाआधी बायकोनेच मला हे सांगितले होते. घरात गाणारे कोणी नाही म्हणून माझ्यासारखा जावई मिळाला याचा तिच्या आईला आनंद होता.

हा प्रकार कुठून आला याची माहिती मी घेतली आहे, कारण माहिती घेणे हे माझे काम आहे. सुरुवात अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वस्त्यांमधली. तिथल्या चर्चमध्येही वडीलधाऱ्यांनी आधी विरोध केला. हे रस्त्यावरचे आहे, वेदीजवळ नको, असे त्यांचे म्हणणे होते. मग फोनवरून ते सगळीकडे गेले. आपल्याकडे ईशान्येच्या डोंगरी राज्यांत आधी आले, मग पंजाबात, मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये. भाषा बहुतेक हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत उशिरा आले. वऱ्हाडीत येईल असे कोणाच्या मनात नव्हते. गेल्या तीन-चार वर्षांत आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक तरुण संघात एक तरी रॅप करणारा निघाला. अकोल्यात एक परिचारिका आहे, ती वॉर्डातल्या रात्रपाळीवर लिहिते. कारंज्यात एक शिंपी आहे, तो मशीन चालवत ठेका धरतो. बुलढाण्याकडे दोघे भाऊ आहेत, ते स्तोत्रे एकमेकांत वाटून म्हणतात. या सर्वांना मी भेटलो आहे आणि सर्वांविषयी लिहिले आहे. त्यांच्यापैकी कोणाचाही मला त्रास झाला नाही. ते माझे नातेवाईक नव्हते.

साल्याने पहिली वही माझ्याकडे आणली त्याला दोन वर्षे झाली. रविवार होता, जेवणे झाली होती. तो म्हणाला, "भाऊजी, जरा पाहून द्या ना. तुमचं शुद्ध आहे."

मी लाल पेन घेतले. पहिल्या पानावर चौदा ठिकाणी खुणा केल्या. मात्रा कुठेच जुळत नव्हत्या. एक ओळ लांब, पुढची तिच्या निम्मी.

"हे गीत नाई," मी म्हणालो.

"मंग काय आहे?"

"हर्रास आहे. ढिगाजवळ उभा राहून वरडून राह्यला तू."

तो हसला. त्याने पेन मागून घेतले आणि पानाच्या वरच्या बाजूला 'हर्रास' असे लिहून खाली रेघ ओढली. माझ्या चौदा खुणांपैकी त्याने एकही घेतली नाही.

महिन्याभरात त्याने त्या नावाचे रॅप केले. त्यात धान्यबाजार आहे, ढिगाऐवजी मधोमध एक माणूस उभा केलेला आहे आणि त्याची बोली लागते. विकणारा यहूदा आहे, येशूला पैशासाठी शत्रूंच्या हवाली करणारा त्याचाच शिष्य. बोली तीस नाण्यांवर तुटते. सुरुवात अशी आहे :

बोला शेठ बोला, माल उभा दारात,
बिनडागी माणूस आणला भरल्या बाजारात.
तीस म्हणते एक जण, तीसच्या वर कोणी नाई,
सोबत जेवला कालपरेंत, आज ओळख देत नाई.

यहूदावर मीही एक गीत लिहिले आहे. शुभ शुक्रवारी ते म्हणतात. त्याच्या चारही कडव्यांत 'विश्वासघातकी' हा शब्द आहे. सोबत जेवला आणि ओळख देत नाही, हे मला सुचले नव्हते. वास्तविक ते शास्त्रातच आहे आणि ते मी साल्यापेक्षा जास्त वेळा वाचले आहे.

ठेका त्याला किन्हीराजाच्या एका मित्राने करून दिला. हा मित्र हिंदू शेतकरी घरातला, सोयाबीन आणि तूर पेरणारा; लग्नसराईत डीजे लावतो. "मले तुमचं शास्त्र समजत नाई, भाऊ," तो मला म्हणाला होता, "पण हा माणूस बोलते तवा ठेका आपोआप लागते." रेकॉर्डिंग त्याच्या गोठ्यात झाले. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी एक शेळी ओरडलेली ऐकू येते. मी ते जेव्हा जेव्हा ऐकले तेव्हा शेळीची वाट पाहिली.

मी ते पुष्कळदा ऐकले. कारण बायको पोळ्या लाटताना लावायची. यूट्यूबवर ते किती जणांनी पाहिले तो आकडा मी रोज सकाळी, आमचा पेपर उघडण्याच्या आधी पाहायचो. तो कधीही कमी झाला नाही.

"तुमचं बी छान असते," बायको एकदा म्हणाली. मी काही विचारले नव्हते. "पण तुमचं बसून ऐका लागते."

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी कारंज्याला एका मंगल कार्यालयात ख्रिस्ती तरुणांचा मेळावा झाला. चार जिल्ह्यांतून लोक आले होते. नागपूरच्या एका गटाला मराठी ख्रिस्ती रॅपचा संग्रह काढायचा होता आणि त्यासाठी ते विदर्भातून आवाज निवडत होते. या निवडीसाठी साला वर्षभर तयारी करत होता. त्याने अडत्याकडे आधीच सांगून ठेवले होते की निवड झाली तर रेकॉर्डिंगसाठी सुट्टी लागेल. अडत्या म्हणाला होता, "जाय बावा. पण सोयाबीनच्या तेजीत जाऊ नको."

मेळावा सुरू होताना आयोजकांनी मंचावरून एक नियम सांगितला. इथे ज्याने त्याने स्वतःचेच शब्द म्हणायचे. दुसऱ्याने लिहून दिलेले चालणार नाही. रॅपमध्ये दुसऱ्याचे शब्द तोंडात घेणे ही चोरी समजतात. मी तो नियम माझ्या वहीत लिहून घेतला. त्याखाली रेघही ओढली आहे.

दारावर प्रत्येकाने अर्ज भरला. सालाही भरत होता. संपर्काच्या रकान्यात त्याने माझा मोबाइल नंबर घातला.

"माझा काहून?" मी विचारले.

"हर्रास चालू असली का मले फोन उचलता येत नाई. तुमी पत्रकार. तुमी तर उचलताच."

त्याने मंचावरून 'हर्रास' म्हटले. एरवी प्रत्येकाला शिटी वाजवून दाद देणारा कारंज्याचा शिंपी शिटी वाजवायला विसरून नुसता उभा राहिला. अकोल्याच्या परिचारिकेने नंतर त्याच्याकडून वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. नागपूरच्या आयोजकाने माझ्याकडे वळून विचारले, "हा कोण?" मी म्हणालो, "रिसोडचा आहे." तो माझा साला आहे हे मी सांगितले नाही. माझी अकरा गीतांची पुस्तिका मी पिशवीतून नेली होती. ती बाहेर काढण्याचा प्रसंग आला नाही.

संध्याकाळी पाचच्या एसटीने मी वाशिमला परतलो आणि बातमी लिहायला बसलो.

इथे आमच्या कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे. वार्ताहर बातमी पाठवतो, पान अकोल्याला डेस्कवर लागते. जाहिरात आली की जागा कमी पडते आणि मग बातमी कापावी लागते. ती खालून कापतात. वाचत बसायला वेळ नसतो. शेवटचे परिच्छेद काढले की काम झाले. म्हणून महत्त्वाचे ते वर लिहावे आणि गेले तरी चालेल ते खाली, हे नव्या वार्ताहराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीही अनेकांना शिकवले आहे. रविवारी संध्याकाळी वाशिमच्या पानावर मोठी जाहिरात येते, हेही मला ठाऊक होते. त्या दिवशी ट्रॅक्टरची होती.

बातमी नऊ परिच्छेदांची झाली. पहिल्यात मेळावा, ठिकाण, वार. दुसऱ्यात नागपूरच्या गटाचा उद्देश. तिसऱ्यात असे वाक्य होते की वाशिमच्या मंडळीला गीतलेखनाची परंपरा असून येथील एका ज्येष्ठ गीतकाराची अकरा गीते उपासनेत म्हटली जातात. चौथ्यात, याच मंडळीशी संबंधित असलेल्या 'हर्रास' या रॅपला सर्वाधिक दाद मिळाली. पाचव्यापासून आठव्यापर्यंत पाहुणे, मनोगते, आभार आणि जेवणाची व्यवस्था. नवव्यात साल्याचे पूर्ण नाव, गाव, व्यवसाय आणि हे शब्द त्याने स्वतः लिहिले असल्याची माहिती.

त्यात एकही चूक नव्हती.

सोमवारी बातमी छापून आली. शेवटचे तीन परिच्छेद गेले होते. तिसरा आणि चौथा एकाखाली एक होते. वाचणाऱ्याला असेच वाटावे की 'हर्रास' त्या ज्येष्ठ गीतकाराने लिहिले आहे. असे मी कुठेही लिहिलेले नव्हते. असे वाटेल हे मला रविवारी संध्याकाळीच माहीत होते.

गुरुवारी दुपारी नागपूरच्या आयोजकाचा फोन आला. मी तहसील कार्यालयात होतो, बाहेर व्हरांड्यात येऊन बोललो. ते म्हणाले की निवड जवळजवळ झाली आहे, फक्त एक शंका आहे. बातमी त्यांना कोणीतरी पाठवली होती. अर्जावर नंबर माझा, बातमीत गीतकार वाशिमचा.

"ते ज्येष्ठ गीतकार म्हणजे तुम्हीच का?"

"हो."

"मग हे शब्द तुम्ही लिहून दिलेत का? नियम तुम्ही ऐकलाच आहे."

"मी तपासून दिले होते," मी म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले. "ठीक आहे. समजलं." आणि फोन ठेवला.

मी तपासून दिले होते हे खरे होते.

त्यानंतर साला रोज संध्याकाळी फोन करायचा. हर्रास आटोपली, हातपाय धुतले की साडेसहाच्या सुमारास. एरवी तो बहिणीच्या फोनवर करायचा, त्या दिवसांत माझ्या फोनवर.

"भाऊजी, आला का नागपूरचा?"

"आला का सांगतो."

"नाई, म्हटलं तुमी कामात असता, तर राहून गेलं असन."

"असं कसं राहीन?"

"बरं. शिंप्याले आला म्हणते. अकोल्याच्या सिस्टरलेबी आला."

"येईन ना. यादी मोठी आहे."

असे बारा दिवस चालले. बाराव्या दिवशी तो घरीच आला. बातमीचे कात्रण त्याने रिसोडला प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतले होते. अडत्याच्या गादीमागे लावायला एक, बहिणीला एक. त्याने तक्रार केली नाही. बहिणीला म्हणाला, "नाव नाई आलं, पण 'सर्वाधिक दाद' आलं ना बाई. भाऊजीनं लेहलं म्हून आलं. नाई तर आपल्याले कोण पेपरात घेते?"

बायकोने कात्रण दोनदा वाचले. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि वाचताना बोट ओळीखाली सरकवते. भाऊ रिसोडच्या गाडीला गेल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

"पाठोलेली बातमी दाखवा."

"कायले?"

"दाखवा म्हटलं."

मी लॅपटॉप उघडून दिला. तिचे बोट पडद्यावरून खाली सरकत गेले आणि नवव्या परिच्छेदाशी थांबले.

सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बातमीतून मुख्याध्यापिकेचे नाव कापले गेले होते आणि शाळेत तिला बोलणी खावी लागली होती. तेव्हा मीच तिला समजावून सांगितले होते की ज्याचे नाव यावे असे वाटते त्याला शेवटी बसवू नये, शेवटचा परिच्छेद म्हणजे टपावरचा प्रवासी. गाडी वळली की पडतो.

"हे तुमीच सांगतलं होतं ना मले?" ती म्हणाली.

"हो."

"मंग माह्या भावाले टपावर काहून बसोलं?"

मी म्हणालो की बातमीच्या ओघात ते तिथे आले. ती म्हणाली की शाळेत कॉपी करणारी पोरे याहून बरे कारण सांगतात. मग तिने विचारले की नागपूरचा फोन खरेच आला नाही का. मी तिला गुरुवारच्या फोनविषयी सांगितले. तिने लॅपटॉप बंद केला, आवाज न करता.

"त्याचे शब्द आवडले नसते तर येवढं केलंच नसतं तुमी," ती म्हणाली. "आता हे मी त्याले नाई सांगणार. तुमीच सांगा. आन् फोनवर नाई."

दुसऱ्या दिवशी मी डेस्कला फोन करून खुलासा छापता येईल का, असे विचारले. डेस्कवरचे सहकारी माझ्यापेक्षा जुने आहेत.

"चूक काय झाली?" त्यांनी विचारले.

"नाव गेलं."

"कापलं गेलं. कापलेल्याचा खुलासा छापायला लागलो तर रोज एक पान लागेल. चुकीचं काही छापलंय का?"

"नाही."

"मग?"

मी बातमीचा क्रम त्यांना सांगितला नाही. खुलासा छापला गेला नाही.

बुधवारी मी जीपने रिसोडला गेलो. बाजारात हर्रास सुरू होती. तूर आली होती. तो माझ्याकडे पाहून हसला, हाताने थांबा अशी खूण केली आणि पुढच्या ढिगावर गेला. मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाऊण तास बसलो. तो आला तेव्हा त्याच्या भुवयांवर तुरीची धूळ होती. त्याने दोन चहा सांगितले आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता विचारले, "आला वाटते नागपूरचा. स्वतः आले म्हणजे."

"आला होता. दोन आठवडे झाले."

त्यानंतर मी त्याला क्रमाने सांगितले : परिच्छेद, जाहिरात, गुरुवारचा फोन, मी दिलेले उत्तर. सांगायला फार वेळ लागला नाही. चहा आला. त्याने घेतला नाही.

"शेवटून कापते हे मले कसं माहीत राहीन?" तो म्हणाला.

"तुले माहीत असाचं कारण नाई."

"मी पेपर घेऊन घरोघर दाखवत फिरलो, भाऊजी. तुमचं नाव सांगत."

त्याने चहाचा ग्लास बाजूला सरकवला.

"मी आपल्या मालावर खोटी बोली कधी लावत नाई," तो म्हणाला. "अडत्यानं सांगतलं तरी नाई लावत." मग त्याने बोटाने माझ्या खिशाकडे दाखवले. "लावा फोन. माह्यासमोर. आवाज मोठा करून."

मी फोन लावला. टपरीवर आणखी दोन हमाल बसले होते, ते बोलायचे थांबले. आयोजकांनी माझा आवाज ओळखला. मी सांगितले की 'हर्रास'चे शब्द माझे नाहीत, सालाच लिहितो, आणि हे मी त्या दिवशी स्पष्ट सांगायला हवे होते.

"पण तुम्ही तपासून दिलं म्हणालात."

"तपासलं होतं. त्यानं माझी एकही दुरुस्ती घेतली नाही."

"एकही ओळ तुमची नाही?"

"ओळ नाही."

"शब्द?"

नाही म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "एक शब्द आहे."

साल्याने मान वर केली.

"कोणता?" आयोजकांनी विचारले.

"'हर्रास'. ते नाव मी दिलेलं आहे."

मग ते म्हणाले, "मग हे मिश्रच झालं म्हणायचं. नियमात हे कसं—"

साल्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"साहेब, सलाम. मीच तो. मी वही दाखोली तवा यायनं मले हिणोलं होतं. म्हणे, हे गीत नाई, हर्रास आहे. मी ते वहीत लेहून घेतलं. बस इतकंच. आता त्याच्यात त्यायचा वाटा किती होते ते तुमी पाहा."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. एक हमालही हसला.

"मग ते तुमचंच," आयोजक म्हणाले. यादी पूर्ण झाली होती. मात्र एकाने माघार घेतली होती आणि ती जागा भरायची होती. येत्या शनिवारी सकाळी दहाला नागपूरला येता येईल का, असे त्यांनी विचारले.

"येतो. आन् साहेब, अर्जावरचा नंबर खोडा. माझा घ्या." त्याने आपला नंबर दोनदा सांगितला, बोलीसारखा तोडून तोडून. मग फोन मला परत दिला.

"एक शब्दही सोडवला नाई तुमच्याच्यानं," तो म्हणाला. गार झालेला चहा त्याने उभ्यानेच पिऊन टाकला आणि फाटकातून आत गेला. दुपारची हर्रास बाकी होती.

शनिवारी तो नागपूरला गेला. रिसोडहून पहाटेची गाडी, पुढे बदलून. रेकॉर्डिंग एका दिवसात झाले. ठेका किन्हीराजाच्या मित्राचाच ठेवला. तो स्वतःच्या खर्चाने सोबत गेला होता. शेळी काढून टाकली आहे. हे सर्व मला बायकोकडून समजले. त्या बुधवारनंतर साला आमच्याकडे जेवायला आलेला नाही. वाशिमला आला की बहिणीला शाळेच्या फाटकाशी भेटतो. मला फोन करत नाही. नाताळच्या आणि वाढदिवसांच्या निमित्ताने आमचा जो कौटुंबिक ग्रुप आहे त्यावर माझ्या संदेशाला तो अंगठा देतो.

आमच्या मंडळीत आता महिन्यातला एक रविवार तरुणांचा असतो. पाळकसाहेबांनी ते कायम केले आहे. उरलेल्या रविवारी त्या जागी माझे गीत होते. मी पेटी वाजवतो. लोक बसून म्हणतात.

संग्रह पुनरुत्थानाच्या रविवारी प्रसिद्ध झाला. त्यात 'हर्रास' चौथे आहे. शब्द आणि आवाज या दोन्हींपुढे त्याचे एकट्याचे नाव आहे. त्या आठवड्यात त्याला अकोला आणि अमरावतीहून बोलावणी आली, एका मराठी रेडिओ कार्यक्रमातून विचारणा झाली. रेडिओची माहिती मी कार्यक्रमाच्या लोकांना फोन करून खात्री करून घेतली. ती खरी निघाली.

बातमी मी शुक्रवारी दुपारी अकोल्याला पाठवली. पाच परिच्छेद आहेत. त्याचे पूर्ण नाव पहिल्या वाक्यात आहे, गाव आणि काम त्याच वाक्यात. शब्द त्याचे स्वतःचे आहेत हे दुसऱ्या वाक्यात आहे. शनिवारी वाशिमच्या पानावर पाऊण पान जाहिरात होती. रविवारी ते पान निवडणुकीच्या बातम्यांना दिले गेले. आज सोमवार आहे. सकाळी अकरा वाजता मी डेस्कला विचारले. बातमी मिळाली असल्याचे त्यांनी सांगितले. ती अद्याप लागलेली नाही.